तापमापक्रमांचे रूपांतर : सेल्सियस व फॅरेनहाइट

एका तापमापक्रमात व्यक्त केलेले तापमान दुसऱ्या मापक्रमात मांडण्याच्या क्रियेला तापमापक्रमांचे रूपांतर म्हणतात. व्यवहारात हा प्रश्न मुख्यत्वे सेल्सियस व फॅरेनहाइट या दोन मापक्रमांपुरताच उरला आहे. प्रमाण वातावरणीय दाबाखाली बर्फ वितळण्याचे तापमान (बर्फबिंदू) पहिल्यात ०° व दुसऱ्यात ३२° धरले जाते, तर पाणी उकळण्याचे तापमान (बाष्पबिंदू) अनुक्रमे १००° व २१२° धरले जाते. या दोन बिंदूंमधील तेच अंतर एका मापक्रमात १०० भागांत, तर दुसऱ्यात १८० भागांत विभागलेले असल्याने १° से. एवढा फरक १·८° फॅ. एवढ्या फरकाबरोबर असतो आणि कोणत्याही तापमानासाठी पुढील संबंध मिळतो : फॅ. = (९/५) से. + ३२, से. = (५/९) (फॅ. − ३२). सूत्र शालेय विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. परंतु त्यातील ३२, ५ व ९ हे अंक आले कोठून, आणि सूत्र ठाऊक असूनही रूपांतरात चुका का होतात, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तापमापनाच्या इतिहासात शोधावी लागतात.

इतिहास : सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीत गॅलिलीओ व सांतोरिओ यांच्या वर्तुळात वापरात आलेले उपकरण म्हणजे हवेच्या प्रसरणावर चालणारा तापदर्शक होय. त्याची नळी खाली द्रवात उघडी असल्यामुळे तापमानाबरोबरच वातावरणीय दाबाचाही परिणाम द्रवाच्या पातळीवर होत असे. टस्कनीचा ग्रँड ड्यूक दुसरा फेर्दिनांदो याच्या आश्रयाने त्या शतकाच्या मध्यास फ्लॉरेन्समध्ये बंद तोंडाच्या काचनळीतील मद्यार्काचे तापमापक तयार झाले आणि दाबाची अडचण दूर झाली. तथापि प्रत्येक कारागिराच्या खुणा निराळ्या असत. एका शहरातील ‘चाळीस अंश’ दुसऱ्या शहरातील किती, हे सांगण्यासाठी ते दोन तापमापक प्रत्यक्ष शेजारी ठेवण्याखेरीज मार्ग नव्हता. म्हणजे रूपांतराचा प्रश्न त्या काळी गणिताचा नव्हताच. ज्यांची तुलना करायची त्या राशींना समान आधारच नव्हता. सर्वांना कोठेही पुन्हा निर्माण करता येतील असे स्थिर बिंदू सापडल्यावरच रूपांतराचे सूत्र अर्थपूर्ण होते. आयझॅक न्यूटन यांनी १७०१ मध्ये लेखकाचे नाव न देता प्रसिद्ध केलेल्या निबंधात जवसाच्या तेलाचा तापमापक वापरून बर्फाच्या वितळण्याला ० आणि मानवी शरीराच्या उष्णतेला १२ हे अंक दिले होते. त्याच सुमारास कोपनहेगन येथील ज्योतिर्विद ओले रोमर (१६४४–१७१०) यांनी पाण्याच्या उकळबिंदूला ६० हा अंक देऊन केलेल्या मापक्रमात बर्फबिंदू ७ १/२ वर येत होता. प्रकाशाला वेग असतो हे गुरूच्या उपग्रहांच्या वेधांवरून दाखविणारे ते हेच रोमर. साठ हा अंक ज्योतिर्विदाला सवयीचा असल्यामुळे त्यांनी तो निवडला असावा.

गॅब्रिएल डॅनिएल फॅरेनहाइट (१६८६–१७३६) यांचा जन्म डॅन्झिग (सध्याचे पोलंडमधील गदान्यस्क) येथे व्यापारी कुटुंबात झाला. १७०१ मध्ये विषारी अळिंबी खाण्यात आल्याने आईवडील एकाच दिवशी मरण पावले व पंधरा वर्षांच्या फॅरेनहाइट यांना व्यापार शिकण्यासाठी ॲम्स्टरडॅमला धाडण्यात आले. व्यापारात त्यांचे मन रमले नाही. काच फुंकणे व उपकरणे तयार करणे हाच त्यांचा व्यवसाय झाला. १७०८ मध्ये त्यांनी कोपनहेगन येथे रोमर यांची भेट घेतली. या भेटीचा वृत्तांत त्यांनी पुढे १७२९ मध्ये लायडनचे वैद्यकाचे प्राध्यापक हेर्मान बूरहाव्हे यांना लिहिलेल्या पत्रात दिलेला आहे. रोमर तापमापकांवर बर्फाच्या पाण्याची खूण ७ १/२ वर व शरीराच्या उष्णतेइतक्या कोमट पाण्याची खूण २२ १/२ वर करीत असल्याचे त्यांनी पाहिले. अपूर्णांकांची अडचण टाळण्यासाठी व अंश अधिक बारीक व्हावेत म्हणून फॅरेनहाइट यांनी हे आकडे चौपट करून ३० व ९० असे घेतले. नंतर १७१७ च्या सुमारास ते ३२ व ९६ असे बदलले. या बदलामुळे दोन खुणांमधील अंतर ६४ अंशांचे झाले. चौसष्ट म्हणजे दोनचा सहावा घात असल्यामुळे नळीवरील हे अंतर सहा वेळा निम्मे करीत गेले की एकेक अंशाची खूण आपोआप मिळते. नळीवर हाताने खुणा पाडणाऱ्या कारागिराला ही सोय मोठीच आहे. सूत्रातील ३२ हा अंक, जो आज केवळ लहरी वाटतो, तो अशा रीतीने रोमर यांच्या साडेसाताची चौपट व कारागिराची सोय यांतून आलेला आहे.

फॅरेनहाइट यांच्या मापक्रमाविषयी प्रचलित असलेल्या अनेक कथा त्यांच्या १७२४ मधील निबंधाशी जुळत नाहीत. रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या निबंधात त्यांनी तीन बिंदू सांगितले आहेत. बर्फ, पाणी व नवसागर (किंवा समुद्री मीठ) यांच्या मिश्रणाचे तापमान ०. केवळ बर्फ व पाणी यांच्या मिश्रणाचे ३२. आणि निरोगी माणसाच्या तोंडात किंवा काखेत तापमापक धरला असता पारा जेथे स्थिर होतो ते ९६. यांतील पहिला बिंदू सर्वांत कच्चा आहे. हा प्रयोग उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात चांगला साधतो, अशी पुस्ती खुद्द फॅरेनहाइट यांनीच जोडलेली आहे. आधुनिक मापनानुसार नवसागराचे गोठण मिश्रण सु. −१५° ते −१६° से. पर्यंत, तर साध्या मिठाचे सु. −२१° से. पर्यंत खाली जाते; ०° फॅ. म्हणजे मात्र −१७·८° से. होय. म्हणजे मापक्रमाचे शून्य या दोहोंपैकी एकाशीही नेमके जुळत नाही. प्रत्यक्ष अंशांकन त्यांनी वरच्या दोन बिंदूंवरूनच केले असावे, असे मानणे सयुक्तिक आहे.

फॅरेनहाइट यांचे खरे श्रेय शून्याच्या निवडीत नाही. एकाच कार्यशाळेतून बाहेर पडलेले दोन तापमापक सारखेच अंक दाखवितात, ही गोष्ट त्यांनी प्रथम साध्य केली यात आहे. हाले येथील तत्त्वज्ञ व गणिती क्रिस्तिआन व्होल्फ यांना त्यांनी मद्यार्काचे दोन तापमापक दिले होते. त्या दोहोंतील अंकांचा मेळ पाहून चकित झालेल्या व्होल्फ यांनी १७१४ मध्ये त्यावर स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केले. पुढे फॅरेनहाइट यांनी मद्यार्काऐवजी शुद्ध केलेला पारा वापरला. मद्यार्क सु. ७८° से. ला उकळतो, पारा मात्र सु. ३५७° से. पर्यंत द्रवरूप राहतो व काचेला चिकटत नाही, त्यामुळे उकळत्या पाण्याचे तापमान मोजणे शक्य झाले. त्यांच्या मापक्रमात ते २१२ अंश भरले. ते नेहमी एकच असते काय हे तपासताना, वातावरणाचा दाब बदलला की उकळबिंदूही बदलतो, हे त्यांना आढळले व त्यावरून तापमापकाचा उपयोग दाबमापक म्हणून करता येईल असे त्यांनी सुचविले. हीच कल्पना पुढे डोंगरांची उंची मोजण्यास उपयोगी पडली. दख्खनच्या हवामानावर १८३५ मध्ये रॉयल सोसायटीत विस्तृत निबंध प्रसिद्ध करणारे लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांनी साध्या तापमापकाने उंची कशी काढावी यावरही लेखन केले. पाण्याचा उकळबिंदू सु. ३०० मी. उंचीमागे १° से. ने (म्हणजे सु. ५५० फुटांमागे १° फॅ. ने) उतरतो, महाबळेश्वरच्या पठारावर पाणी सु. ९५·५° से. ला उकळते.

मूळ व्याख्येत २१२ हा केवळ मोजून आलेला अंक होता, निश्चित केलेला नव्हे. फॅरेनहाइट यांच्या मृत्यूनंतर हळूहळू शरीराच्या उष्णतेचा डळमळीत बिंदू सोडून देण्यात आला आणि बर्फबिंदू ३२ व बाष्पबिंदू २१२ हेच दोन स्थिर बिंदू मानले जाऊ लागले. रॉयल सोसायटीने हेन्री कॅव्हेंडिश यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १७७७ मध्ये तापमापकाचा वरचा बिंदू ठरविताना फुगा उकळत्या पाण्यात न बुडविता वाफेत ठेवावा आणि वायुदाब २९·८ इंच असावा, अशी शिफारस केली. पाणी भांड्याच्या प्रकारानुसार थोडे अधिक तापू शकते, वाफेचे तापमान मात्र स्थिर राहते, हे या शिफारशीमागील कारण होय. आजचा प्रमाण दाब २९·९२ इंच (७६० मिमी.) आहे, त्यामुळे त्या नियमाने केलेल्या तापमापकाची वरची खूण आजच्या खुणेपेक्षा सु. ०·२° फॅ. खाली पडते. या पुनर्व्याख्येने १८० अंशांचे अंतर पक्के झाले, सूत्रातील ९/५ हे गुणोत्तर निश्चित झाले आणि निरोगी माणसाचे तापमान ९६ वरून सरकून ९८ च्या पुढे गेले. माणूस तोच होता. अंश बदलले होते. अठराव्या शतकातील नोंदी वाचताना या गोष्टीचा विसर पडल्यास दोन अंशांपेक्षा अधिक चूक सहज होते.

आंडर्स सेल्सियस (१७०१–४४) हे स्वीडनमधील अप्साला विद्यापीठात १७३० पासून ज्योतिषशास्त्राचे प्राध्यापक होते. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे की नाही हे ठरविण्यासाठी मोपेर्त्वी यांच्या नेतृत्वाखाली १७३६-३७ मध्ये लॅपलँडला गेलेल्या फ्रेंच मोहिमेत त्यांनी भाग घेतला होता. निरनिराळ्या अक्षांशांवर व निरनिराळ्या दाबांखाली तापमापकाच्या खुणा स्थिर राहतात काय, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटला तो या पार्श्वभूमीवर. वितळणाऱ्या बर्फात तापमापक ठेवण्याचा प्रयोग त्यांनी दोन वर्षे हिवाळ्याच्या सर्व महिन्यांत, हवामान कसेही असताना, पुनःपुन्हा केला व तो बिंदू अचल असल्याचे सिद्ध केले. उकळबिंदू मात्र दाबाप्रमाणे बदलतो या फॅरेनहाइट यांच्या निष्कर्षाला त्यांनी दुजोरा दिला. स्वीडिश विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात १७४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचे शीर्षक तापमापकावरील ‘दोन स्थिर अंशां’विषयीच आहे, शंभर भागांविषयी नाही. पूर्वीच्या अनेक मापक्रमांत एकच बिंदू व द्रवाचे प्रसरण यांवर भिस्त असे. फ्रान्समध्ये रेओम्यूर यांनी १७३० मध्ये बर्फबिंदूच्या वेळी १,००० भाग असलेला मद्यार्क उकळत्या पाण्याजवळ १,०८० भाग होतो, या आधारावर ८० अंशांचा मापक्रम केला होता. तो यूरोपात एकोणिसाव्या शतकापर्यंत वापरात होता, परंतु रेओम्यूर यांच्या नावाने विकले जाणारे तापमापक परस्परांशी क्वचितच जुळत.

सेल्सियस यांच्या मूळ मापक्रमात उकळबिंदूला ० व बर्फबिंदूला १०० हे अंक होते, म्हणजे तापमान वाढले की आकडा कमी होई. ही आजच्या वाचकाला विचित्र वाटणारी योजना त्या काळी एकमेव नव्हती. रशियात काम करणारे फ्रेंच ज्योतिर्विद झोझेफ नीकॉला द लील यांच्या मापक्रमातही उकळबिंदूला शून्य व बर्फबिंदूला १५० असे उलटे अंक होते आणि सेल्सियस यांनी तो तापमापक वापरला होता. शिवाय स्वीडनच्या हिवाळ्यात दररोज ऋण अंक लिहिण्याचा त्रास या योजनेत वाचत असे. क्रम उलटविण्याचे श्रेय कोणाचे यावर बराच वाद झाला आहे. फ्रान्समधील लीआँ येथे झां प्येर क्रिस्तँ यांनी १७४३ मध्ये सेल्सियस यांच्याशी संबंध नसताना ० बर्फबिंदूला व १०० बाष्पबिंदूला देणारा पाऱ्याचा तापमापक प्रचारात आणला. अप्साला येथे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांच्या बागेतील उष्णगृहासाठी दानीएल एकस्ट्रम या कारागिराने केलेला तापमापक १७४५ मध्ये सरळ क्रमाचा होता. सेल्सियस यांच्यानंतर त्या पदावर आलेले मार्टिन स्ट्रमर यांचेही नाव घेतले जाते. क्रम उलटविणे ही एखाद्या व्यक्तीच्या प्रतिभेची गोष्ट नव्हती. शंभराचा मापक्रम स्वीकारणाऱ्या कोणालाही ते सुचण्यासारखे होते, असेच या पुराव्यावरून म्हणावे लागते. मूळ सेल्सियस अंशांतील नोंद रूपांतरित करताना मात्र सूत्र बदलते : फॅ. = २१२ − (९/५) × मूळ अंक. अप्साला येथील हवामानाच्या नोंदी १७२२ पासूनच्या असून अशा दीर्घ श्रेणीतील प्रत्येक कालखंडात कोणता तापमापक वापरला होता, हे ठरविल्याशिवाय त्यांतून तापमानवाढीचा कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

नाव व व्याख्या : फ्रेंच राज्यक्रांतीनंतर दशमान पद्धतीबरोबर शंभर अंशांचा मापक्रमही प्रसृत झाला व त्याला ‘सेंटिग्रेड’ (शतांश) असे नाव रूढ झाले. तथापि फ्रेंचमध्ये ‘ग्रॅड’ हे काटकोनाच्या शंभराव्या भागाचेही नाव असल्याने सेंटिग्रेडचा अर्थ त्या कोनाचा शतांश असाही होत असे. हा घोटाळा टाळण्यासाठी वजने व मापे यांच्या नवव्या सार्वत्रिक परिषदेने १९४८ मध्ये ‘अंश सेल्सियस’ हे नाव स्वीकारले. पाठ्यपुस्तकांतून व बोलण्यातून सेंटिग्रेड हा शब्द त्यानंतरही अनेक दशके गेला नाही. १९५४ मध्ये मूलभूत एककाची व्याख्या पाण्याच्या त्रिक् बिंदूवर (२७३·१६ केल्विन) आधारण्यात आली व २० मे २०१९ पासून ती बोल्टझमान स्थिरांकाचे मूल्य १·३८०६४९ × १०⁻²³ जूल प्रती केल्विन असे निश्चित करून दिली जाते. सेल्सियस तापमान म्हणजे केल्विनमधील तापमानातून २७३·१५ वजा करून मिळणारा अंक. याचा एक परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. प्रमाण दाबाखाली पाण्याचा उकळबिंदू आता व्याख्येने १००° राहिलेला नसून तो मोजून ९९·९७° से. च्या आसपास येतो. फॅरेनहाइट मापक्रमाला आज स्वतंत्र आधार नाही. रूपांतराचे सूत्र हीच त्याची व्याख्या होय.

प्रसार : इंग्रजी भाषक देशांत फॅरेनहाइट मापक्रम दीर्घकाळ टिकला. ब्रिटनच्या हवामान खात्याने १९६२ पासून सेल्सियसचा वापर सुरू केला. ऑस्ट्रेलियाने १९७२ मध्ये व कॅनडाने १ एप्रिल १९७५ पासून हवामानवृत्तासाठी सेल्सियस स्वीकारले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७५ च्या कायद्याने मेट्रिक पद्धतीकडे वळणे ऐच्छिक ठेवले, त्यासाठी नेमलेले मंडळ १९८२ मध्ये बरखास्त झाले आणि दैनंदिन व्यवहारात तेथे फॅरेनहाइटच चालू राहिले. भारतात ब्रिटिश अमदानीत फॅरेनहाइट वापरले जाई. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची स्थापना १८२६ मध्ये झाली व तेथे १८४१ पासून नियमित वेध घेतले जाऊ लागले. भारतीय हवामानशास्त्र खाते १८७५ मध्ये स्थापन झाले व १९२८ मध्ये त्याचे मुख्यालय पुण्यास आले. या काळातील नोंदी फॅरेनहाइट अंशांत आहेत. वजने व मापे यांविषयीच्या १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती आली आणि हवामान, उद्योग व शिक्षण या क्षेत्रांत सेल्सियस रुळले. वैद्यकीय तापमापक मात्र या बदलाच्या बाहेर राहिला. त्यामुळे महाराष्ट्रातील एकाच घरात ‘बाहेर अडतीस आहे’ आणि ‘मुलाला एकशे दोन ताप आहे’ ही दोन्ही वाक्ये मापक्रमाचे नाव न घेता बोलली जातात व दोन्ही समजतात, ३८° से. म्हणजे १००·४° फॅ., अर्थात ज्वराची सुरुवात, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पाऱ्याचे तापमापक तयार करणे व आयात-निर्यात करणे २०२० पर्यंत थांबविण्याचे मिनामाता करारान्वये ठरले. त्यांच्या जागी आलेल्या अंकदर्शक तापमापकांत बहुधा दोन्ही मापक्रमांची सोय असते. मापक्रम बदलला गेल्याचे लक्षात न आल्यास ३८·९ हा अंक सौम्य वाटतो. प्रत्यक्षात तो १०२° फॅ. आहे.

अंकांची परिशुद्धता : रूपांतराने मूळ मापनाची परिशुद्धता वाढत नाही, हा साधा नियम सर्वाधिक मोडला जातो. याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ९८·६° फॅ. जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिख यांनी १८६८ मध्ये हजारो रुग्णांच्या काखेतील नोंदींवरून निरोगी माणसाचे सरासरी तापमान ३७° से. असल्याचे प्रतिपादन केले. ते तापमान व्यक्तीनुसार व दिवसाच्या वेळेनुसार बदलते हेही त्यांनीच दाखविले होते. ३७ या पूर्णांकी व अंदाजी मूल्याचे इंग्रजी वाचकांसाठी रूपांतर करताना ९८·६ हा दशांशस्थळ असलेला अंक आला आणि एक दशांशही इकडेतिकडे होऊ नये अशी प्रतिष्ठा त्याला मिळाली. ब्रिटिश परंपरेतील वैद्यक ग्रंथांत ९८·४ हा अंक असे (तो ३६·९° से. होय). दोन ग्रंथांतील या दोन दशांशांच्या फरकावरून वाद होण्यात काही अर्थ नव्हता. अमेरिकेत १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४८ निरोगी व्यक्तींच्या अभ्यासात तोंडातील सरासरी तापमान ३६·८° से. (९८·२° फॅ.) आढळले. ज्वराची मर्यादा म्हणून दिला जाणारा १००·४° फॅ. हा अंकही अशाच प्रकारे ३८ चे भाषांतर आहे. रुग्णाचे तापमान १००·३ भरले म्हणून तो ज्वरमुक्त ठरत नाही.

उलट, दशांशावरून मूळ नोंद कोणत्या मापक्रमात झाली असावी याचे अनुमान करता येते, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला ते फार उपयोगी पडते. लिबियातील अल् अझीझिया येथील १३ सप्टेंबर १९२२ चे उच्चांकी तापमान १३६·४° फॅ. असे दिले जाई; ते बरोबर ५८° से. होय, म्हणजे मूळ नोंद सेल्सियसमधील. (निरीक्षकाच्या वाचनातील दोषाच्या कारणास्तव जागतिक हवामानशास्त्र संघटनेने २०१२ मध्ये ही नोंद रद्द ठरविली.) त्यानंतर उच्चांक ठरलेले कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीचे १० जुलै १९१३ चे तापमान ५६·७° से. म्हणून सांगितले जाते. मूळ नोंद १३४° फॅ. आहे. राजस्थानातील अलवर येथील १० मे १९५६ चा ५०·६° से. हा अंक १२३° फॅ. या पूर्णांकाशी जुळतो, तर फलोदी येथील १९ मे २०१६ चा ५१·० हा सेल्सियसमध्येच नोंदलेला आहे.

जुन्या नोंदवह्यांचे रूपांतर करताना पूर्णांकी सेल्सियसपर्यंत आणून थांबणे धोक्याचे असते. ८०, ८१ व ८२° फॅ. ही तीन तापमाने २६·७, २७·२ व २७·८° से. होतात, पूर्णांकात मांडल्यास ती २७, २७ व २८ उरतात. पहिल्या दोन नोंदींमधील भेद कायमचा नाहीसा होतो. तसेच ९८° फॅ. चे ३७° से. करून पुन्हा फॅरेनहाइटमध्ये आणल्यास ९९ मिळतात. सेल्सियसमध्ये एक दशांशस्थळ राखल्यास मात्र कमाल चूक ०·०५° से. म्हणजे ०·०९° फॅ. एवढीच असल्याने मूळ पूर्णांकी फॅरेनहाइट अंक नेहमी परत मिळविता येतो. शंभर-दीडशे वर्षांत अंशाच्या काही दशांशांनी झालेली तापमानवाढ ज्यांना कुलाब्यासारख्या ठिकाणच्या नोंदींवरून शोधायची आहे, त्यांच्या दृष्टीने हा तपशील गौण नाही.

तापमान व तापमानातील फरक : सूत्रातील ३२ हा अंक तापमानासाठी आहे, तापमानातील फरकासाठी नाही. फरक रूपांतरित करताना केवळ ९/५ किंवा ५/९ ने गुणावे. पॅरिस येथील २०१५ च्या हवामान करारातील १·५° व २° से. या मर्यादा म्हणजे अनुक्रमे २·७° व ३·६° फॅ.; सूत्रात १·५ घालून मिळणारे ३४·७ हे उत्तर निरर्थक आहे, तरी वृत्तपत्रांच्या भाषांतरांत या जातीची चूक अधूनमधून आढळते. प्रसरण गुणांकासारख्या ‘प्रती अंश’ राशींमध्ये गुणोत्तर उलटे लावावे लागते. जुन्या इंग्रजी अभियांत्रिकी ग्रंथांत पोलादाचा रेखीय प्रसरण गुणांक प्रती °फॅ. सु. ६·५ × १०⁻⁶ असा दिलेला असतो, प्रती °से. तो ९/५ पट, म्हणजे ११·७ × १०⁻⁶ होतो. १३ मी. लांबीचा रूळ ५०° से. ने तापला असता सु. ७·६ मिमी. वाढतो, ग्रंथातील अंक न बदलता वापरल्यास वाढ ४·२ मिमी. एवढीच येते आणि सांध्यातील फट तेवढ्या हिशेबाने अपुरी पडते. विशिष्ट उष्णतेच्या बाबतीत मात्र कॅलरी व ब्रिटिश औष्णिक एकक या दोहोंच्या व्याख्या पाण्यावरच आधारलेल्या असल्याने अंक बदलत नाही. पाण्याची विशिष्ट उष्णता दोन्ही पद्धतींत १ च असते.

दोन्ही मापक्रमांचे शून्य सोयीने निवडलेले असल्यामुळे गुणोत्तरेही फसवी ठरतात. ४०° से. हे २०° से. च्या ‘दुप्पट उष्ण’ म्हणावे, तर तीच तापमाने १०४° व ६८° फॅ. होत असल्याने ती दुप्पट राहत नाहीत. केल्विनमध्ये ती ३१३ व २९३ असून दोहोंत सु. ७ टक्क्यांचाच फरक आहे. फॅरेनहाइट अंश वापरून निरपेक्ष शून्यापासून (−२७३·१५° से. = −४५९·६७° फॅ.) मोजणाऱ्या मापक्रमाला स्कॉटिश अभियंते विल्यम रँकिन यांचे नाव दिलेले आहे. अमेरिकेतील अभियांत्रिकीत त्याचा उपयोग होतो.

तोंडी रीती : कागदाशिवाय रूपांतर करण्याच्या काही रीती अचूक, तर काही केवळ ढोबळ आहेत. सेल्सियस अंक दुप्पट करावा, त्यातून त्याचाच दहावा भाग वजा करावा व ३२ मिळवावेत, ही रीती पूर्ण अचूक आहे, ३५° से. साठी ७० − ७ + ३२ = ९५° फॅ. उलट दिशेने ३२ वजा करून निम्मे करावे आणि त्यात त्याचा दहावा भाग, शंभरावा भाग असे मिळवीत जावे : १०४ साठी ७२ चे निम्मे ३६, त्यात ३·६, ०·३६ ... मिळविल्यास ४०° से. पाहुण्या प्रवाशांना सांगितली जाणारी ‘दुप्पट करून तीस मिळवा’ ही रीती १०° से. लाच बरोबर ठरते. इंग्लंडच्या वसंतऋतूत ती चालते; नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांत ती ११३ ऐवजी १२० सांगते. तिसरी रीती फारशी प्रसिद्ध नाही, पण स्मरणास सुलभ आहे. दोन्ही मापक्रम −४०° ला एकत्र येतात. म्हणून कोणत्याही दिशेने जाताना प्रथम ४० मिळवावेत, ९/५ किंवा ५/९ ने गुणावे व शेवटी ४० वजा करावेत. हिच्यात ३२ आधी वजा करावयाचे की नंतर मिळवावयाचे, हा घोळच उरत नाही. पारा −३८·८° से. ला गोठत असल्यामुळे हा −४०° चा सामाईक बिंदू पाऱ्याच्या तापमापकावर पाहता येत नाही. त्यासाठी फॅरेनहाइट यांनी सोडून दिलेल्या मद्यार्काच्याच तापमापकाकडे वळावे लागते.